रिबोल्लिता करायची असेल तर आधी तीन दिवस मोकळे करा

‘अर्ध्या तासात रिबोल्लिता’ अशा रेसिपी ढिगाने सापडतात. त्यातली एखादी करून बघितली असेल आणि ‘बरं लागलं, पण यात एवढं काय’ असं वाटलं असेल, तर तुमच्या हाताचा दोष नाही. तुम्ही भाज्यांचं सूप केलंत आणि त्यात पाव बुडवलात. रिबोल्लिता या इटालियन शब्दाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेली’. एकदाच उकळली तर ती रिबोल्लिता होत नाही.

हा इटलीतल्या टस्कनी प्रांताचा पदार्थ. फ्लॉरेन्स, सिएना, अरेझ्झो या भागातला, शेतकऱ्यांच्या घरचा. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी घेवडा, पाला आणि शिळा पाव घालून मोठं पातेलं भरून रांधायचं आणि उरलेलं शनिवारी पुन्हा उकळायचं, अशी तिथली जुनी रीत सांगतात. पहिल्या दिवशी ताटात येतं त्याला ‘मिनेस्ट्रा दि पाने’ म्हणतात, म्हणजे पावाचं कालवण म्हणा हवं तर. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव बदलतं. आपल्याकडे फोडणीच्या पोळीसाठी कोणी मुद्दाम ताज्या पोळ्या लाटत नाही, आणि लाटल्या तरी ती जमत नाही. इथेही तेच.

मी फ्लॉरेन्समध्ये दोन हिवाळे काढले. सांताम्ब्रोज्योच्या मंडईपासून चालत पाच मिनिटांवर खोली होती आणि घरमालकीण सत्तरीची. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यासमोर एक वाडगा ठेवला आणि शेजारी काटा. मी चमचा मागितला. तिने तोच काटा उचलून वाडग्याच्या मधोमध उभा रोवला. तो पडला नाही. ‘बघितलंस? चमचा कशाला?’ ही परीक्षा मी अजून वापरते.

पुण्याला परतल्यावर पहिल्या तीन खेपा फसल्या. त्या कशा फसल्या हे खाली जागोजागी येईलच, म्हणजे तुमच्या वाचतील.

वेळापत्रक

गुरुवारी रात्री घेवडा भिजत घालायचा आणि पाव कापून ठेवायचा, दहा मिनिटांचं काम. शुक्रवारी संध्याकाळी रांधायचं. अडीच-तीन तास जातात, पण त्यातला बराचसा वेळ पातेलं आपलं आपण शिजत असतं. शनिवारी पुन्हा उकळायचं आणि जेवायचं. वार तुम्ही बदला, क्रम बदलू नका.

काय काय लागेल (सहा जणांसाठी)

- पांढरा राजमा किंवा पांढरा घेवडा, सुका: ३०० ग्रॅम
- केल: ३०० ग्रॅम
- कोबी: अर्धा लहान गड्डा, साधारण ३०० ग्रॅम
- स्विस चार्ड किंवा बिटाची पानं: २०० ग्रॅम
- कांदा १ मोठा, गाजरं २, सेलेरीचे दांडे २
- बटाटे २ मध्यम
- टोमॅटो २, पिकलेले
- लसूण ४ पाकळ्या
- थाइमच्या ३-४ काड्या, किंवा वाळलेला अर्धा चमचा
- मिळाली तर सेजची दोन पानं
- शिळा पाव: ३०० ग्रॅम
- एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल: शिजवायला सगळं मिळून ९ मोठे चमचे, वरून घालायला वेगळं
- मीठ, मिरी, हवी तर एक सुकी लाल मिरची
- वरून घालायला एक लाल कांदा

भांड्यांत जाड बुडाचं पाच लिटरचं पातेलं हवंच. पातळ बुडाचं असेल तर शनिवारी रडाल. दुसरं म्हणजे पुरणयंत्र. चेष्टा करत नाही. टस्कनीच्या स्वयंपाकघरात घेवडा गाळायला दांडा फिरवायचं जे यंत्र असतं, ते पाहून मला आजीच्या घरची होळी आठवली होती. मिक्सरही चालतो, पण पुरणयंत्राने साली वर राहतात आणि लगदा मऊसूत येतो.

१. पाव: इथेच निम्मे लोक घसरतात

टस्कनीचा पाव अळणी असतो. खरंच अळणी, मीठ अजिबात नाही. कोणी म्हणतं पिसाने फ्लॉरेन्सचं मीठ अडवलं म्हणून, कोणी म्हणतं मिठावरच्या करामुळे. त्या गप्पा त्यांच्या त्यांना लखलाभ. २०१६ साली या पावाला युरोपीय संघाचं डीओपी, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाला मिळणारं, मानांकन मिळालं आणि तो बिनमिठाचाच असावा लागतो. नुसता खाल्ला तर पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही. पण बाहेरून जाड कवच, आत घट्ट, ओढला तर तुटेल असा गर. शिळा झाला की तो कडक होतो, आणि उकळत्या रसात पडला की रस पिऊन फुगतो, तरी त्याचा पीठगोळा होत नाही. सगळी मदार यावर आहे.

माझी पहिली खेप फसली ती स्लाइस ब्रेडमुळे. दुकानातला मऊ, गोडसर, पांढरा ब्रेड मी दोन दिवस वाळवला आणि घातला. वाळवल्याने तो टस्कनीचा होत नाही. पातेल्यात जे तयार झालं त्याने पतंग चिकटवता आले असते, नुसती खळ. लादी पावाचंही तेच होतं.

मग काय वापरायचं? मोठ्या शहरांत आता साध्या सावरडो, म्हणजे नैसर्गिक आंबवणाच्या, पावाच्या बेकऱ्या आहेत. बिया, सुकामेवा, लसूण वगैरे न घातलेला पाव घ्या. मुंबईत असाल तर इराण्याकडचा ब्रून उत्तम. त्याचं कवच अशाच कामाचं आहे. गोव्यात पोदेराकडचा उंडो घ्या. पोईही चालते, पण ती आतून पोकळ, त्यामुळे थोडी जास्त लागते आणि कोंड्यामुळे रंग गडद येतो. मला तो आवडतो. या सगळ्या पावांत मीठ असतं हे मात्र लक्षात ठेवा आणि पातेल्यातलं मीठ त्या बेताने कमी करा.

पाव बोटाएवढ्या जाडीचे काप करून जाळीवर पसरा, वर पंचा टाका, रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात हे करू नका, दुसऱ्या दिवशी बुरशी दिसेल. त्या दिवसांत ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास ठेवा किंवा तव्यावर अगदी मंद आचेवर वाळवा. लाल करायचं नाही, टोस्ट नकोय. आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो तुकडा टाका. शिळा वेगळा, खराब वेगळा.

२. घेवडा भिजवणे आणि शिजवणे

टस्कनीच्या लोकांना बाकीचे इटालियन ‘मांज्याफाज्योली’, म्हणजे घेवडेखाऊ, म्हणून चिडवतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. रिबोल्लितात पडतो तो कॅनेलिनी जातीचा पांढरा, लांबट घेवडा. परदेशात असाल तर तो डब्यातसुद्धा मिळतो, पण डब्यातला घेऊ नका. कारण पुढे येतंच आहे.

इथे पांढरा राजमा म्हणून मिळतो तो चालतो. साताऱ्याकडचे वाचक कोरेगावचा वाघ्या घेवडा वापरू शकतात. लोण्यासारखा शिजतो, फक्त रंग तपकिरी येतो. चवळी नको, तिचा वास वेगळा. पावटा तर मुळीच नको.

रात्री भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी ते पाणी फेका. नवीन दोन लिटर पाणी, लसणाच्या दोन न सोललेल्या पाकळ्या, सेज, एक चमचा तेल. पहिली दहा मिनिटं झाकण न ठेवता खळखळून उकळा. हे टाळू नका: राजम्याच्या जातीच्या सगळ्या दाण्यांत एक विषारी प्रथिन असतं, ते नुसत्या कोमट आचेवर जात नाही आणि पोट बिघडतं. म्हणूनच कच्चे दाणे थेट स्लो कुकरमध्ये टाकू नयेत. त्यानंतर आच मंद करा, पाणी जेमतेम हलत राहील इतकी, आणि तास-दीड तास शिजवा. मीठ शेवटी. टोमॅटो या भांड्यात आत्ता घालू नका. आंबटाने दाणे कडकच राहतात. खायच्या सोड्याचा मोहही नको, साल बुळबुळीत होते.

कुकर? लावा, मी रागावणार नाही. पण पाणी जास्त ठेवा आणि दाणा फुटण्याआधी थांबा.

आता महत्त्वाचं. हे पाणी ओतू नका. माझी दुसरी खेप इथे गेली. सवयीने रोळीत उपसलं आणि पाणी मोरीत. त्या दाटसर, ढगाळ पाण्यातच पदार्थाचा जीव आहे. डब्यातला घेवडा नको म्हटलं ते यासाठीच.

लसूण सोलून दाण्यांतच चुरडा. निम्मे दाणे पुरणयंत्रातून काढा, निम्मे अख्खे बाजूला ठेवा.

३. सोफ्रित्तो, म्हणजे फोडणी नव्हे

सोफ्रित्तो म्हणजे तेलात मंद आचेवर मऊ केलेल्या बारीक भाज्या. कांदा, गाजर, सेलेरी बारीक चिरा. बारीक म्हणजे कोशिंबिरीसाठी चिरतो तसं. पातेल्यात सहा चमचे तेल, आच मंद, तिन्ही एकदम घाला, चिमूटभर मीठ. आता वीस मिनिटं.

आपला हात इथे ऐकत नाही. तेल तापवून धूर निघेस्तोवर थांबणं, कांदा लालसर करणं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. इथे कांदा लाल झाला की चव रश्श्याकडे झुकते. भाज्या मऊ, चकचकीत, गोडसर व्हायला हव्यात, रंग न बदलता. तडतड ऐकू आली तर आच जास्त आहे. उरलेला लसूण आणि सुकी मिरची शेवटच्या दोन मिनिटांत.

मोहरी, हिंग, हळद यांचे डबे कपाटातच राहू द्या. ओव्याबद्दल मला हमखास विचारतात, कारण थाइम मिळत नाही आणि थायमॉल हे वासाचं द्रव्य दोन्हीत आहे. मीही करून पाहिलं. घरभर भज्यांचा वास सुटला. त्यापेक्षा वाळलेल्या थाइमची बाटली आणा, वर्षभर पुरते.

४. पालेभाज्या

तिथे तीन पाले पडतात: काव्होलो नेरो, सुरकुतलेला साव्हॉय कोबी आणि चार्ड. पैकी काव्होलो नेरो म्हणजे लांब, काळपट हिरव्या, खरबरीत पानांची केल. मंडईतली बाई थंडी पडून गेल्याशिवाय ती घेऊच द्यायची नाही. दहिवर खाल्लेलं पान गोड आणि मऊ शिजतं, म्हणून नोव्हेंबरच्या आत रिबोल्लिताची भाषा करायची नाही असा तिचा दंडक.

आपल्याकडे ‘एक्झॉटिक’ भाज्यांच्या गाड्यावर कुरळी केल मिळते, ती घ्या. नाही मिळाली तर नवलकोलाची किंवा फ्लॉवरची कोवळी पानं घ्या. हे ओढूनताणून केलेलं नाही. केल, कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची भावंडं. तसंच चार्ड आणि बीट. भाजीवाला बिटाची पानं मोडून फेकतो ती मागून घ्या, फुकट मिळतील. त्यांनी रस जरा गुलाबी होतो, एवढंच. पालक विरघळून जातो, मेथी कडवट, मुळ्याचा पाला उग्र. हे तिन्ही नकोत.

केलच्या पानांमधली जाड शीर काढून टाका. सोफ्रित्तोवर आधी चिरलेले टोमॅटो, ते गळले की बटाट्याच्या फोडी, मग केल, कोबी आणि सगळ्यात शेवटी चार्ड. पातेलं वरपर्यंत भरेल, घाबरू नका. झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ काढा, निम्म्यावर येईल. त्यात गाळलेला घेवडा, घेवड्याचं सगळं पाणी आणि थाइम घाला. मंद आचेवर दीड तास. शेवटी अख्खे दाणे, मीठ, मिरी.

आता चमच्याने उचलून पहा. आमटीइतपत पातळ हवं. नवखे हमखास ‘घट्ट सूप’ वाचून इथेच आटवतात, आणि मग पावाला प्यायला काही उरत नाही. मध्ये कोरडा राहतो. कमी वाटलं तर गरम पाणी वाढवा. हीच माझी तिसरी खेप.

५. थर लावून रात्रभर मुरवणे

दुसऱ्या पसरट भांड्यात पावाचे काप लावा, वर दोन-तीन डाव रस्सा, पुन्हा पाव, पुन्हा रस्सा. बिर्याणीसारखं समजा, फक्त दम द्यायचा नाही. वरचा थर रश्श्याचा. ढवळू नका. अर्ध्या तासाने पाव फुगून वर येईल, तेव्हा डावाने हलकेच दाबा.

भूक आवरत नसेल तर वाटीभर आत्ता खा. छान लागतं. पण हे शुक्रवारचं जेवण.

उरलेलं मुरायला ठेवायचं. फ्लॉरेन्सच्या जानेवारीत माझी घरमालकीण पातेलं खिडकीबाहेर ठेवायची आणि वर वीट. आपल्याकडे असं धाडस पौषातही करू नका. पसरट भांड्यात पटकन निवतं; निवलं की लगेच, आच बंद केल्यापासून दोन तासांच्या आत, फ्रीजमध्ये. घेवडा आणि पाव, दोन्ही लवकर आंबतात.

६. पुन्हा उकळणे

सकाळी झाकण काढाल तर सुरीने कापता येईल असा गोळा दिसेल. बिघडलेलं नाही, असंच हवं.

जाड बुडाच्या पातेल्यात किंवा बिडाच्या कढईत दोन चमचे तेल, त्यावर हा गोळा, अर्धी वाटी पाणी. मंद आच. लाकडी उलथन्याने मोडत, खालचं वर करत वीस-पंचवीस मिनिटं. पाव पूर्ण मोडून भाजीत मिसळतो. कुठे पाव आणि कुठे कोबी हे सांगता येत नाही. मग हात थांबवा. पाच-सात मिनिटं तसंच सोडा, बुडाला धरू द्या. ती खरवड खरवडून पुन्हा आत मिसळा आणि परत एकदा धरू द्या. करपल्याचा वास येण्याआधी थांबायचं. हा अंदाज एक-दोनदा चुकतो. खरवडीसाठी आमच्या घरी भांडणं होतात, तिथेही व्हायची.

दुसरी रीत ओव्हनची: मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात भरून, वर लाल कांद्याच्या पातळ चकत्या पसरून, तेल शिंपडून १९० अंशांवर अर्धा तास. दिसायला ही सुंदर, पाहुण्यांना बरी. मला कढईतली आवडते.

७. वाढताना

खोलगट ताटलीत घ्या, पाच मिनिटं निवू द्या. भाजणाऱ्या तोंडाला चव कळत नाही. वरून कच्चं ऑलिव्ह तेल, माणशी एक मोठा चमचा. हातचं राखू नका. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवं तेल निघतं, हिरवंगार, घशाला मिरीसारखं झोंबणारं, आणि केल त्याच सुमारास येते. दोघांची गाठ रिबोल्लितात पडते. आपल्याला बाटलीवरच भागवायचं आहे, तर एक्स्ट्रा व्हर्जिन आणि गडद बाटलीतलं घ्या. ‘लाइट’ लिहिलेलं तेल इथे निरुपयोगी. शिजवताना निम्मं शेंगदाण्याचं चालवून घेता येईल, वरून घालायला नाही.

सोबत कच्चा लाल कांदा. आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

चीज? फ्लॉरेन्सचे जुने लोक नाक मुरडतात आणि मीही घालत नाही. शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: अस्सल पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे ते काटेकोर शाकाहारी नाही. टस्कनीत फिरायला गेलात तर हॉटेलात विचारून घ्या, कारण काही घरांत आणि खानावळींत या पदार्थात हॅमचं हाड किंवा डुकराची कातडी पडते. ‘सेन्त्सा कार्ने?’ म्हणजे ‘मांसाशिवाय का?’ एवढं पुरतं. रश्श्यासाठी मांसाचं पाणी वापरलंय का हेही विचारा. ते ‘कार्ने’त धरलं जाईलच असं नाही.

उरलं तर

फ्रीजमध्ये तीन दिवस राहते. लागेल तेवढीच काढून गरम करा, सगळं पातेलं रोज तापवू नका. फ्रीझरमध्येही ठेवता येते, बाहेर काढल्यावर थोडं पाणी सुटतं, ते कढईत आटतं. माझ्याकडे शेवटची दोन वाट्या उरली की मी थालीपिठासारखी तव्यावर थापते, मध्ये भोक, कडेने तेल, झाकण. घरमालकिणीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, ‘भोक कशाला?’